मान हलवू नकोस, बोल

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू केसचं सांगायला लागलास आणि मी तुला मध्येच तोडलं. रागावला असशील. पण वकिलाशी झालेलं तुझं बोलणं गोपनीय राहतं, माझ्याशी झालेलं राहत नाही. "तयारी करताना कोणाकोणाशी बोललात?" हा प्रश्न डिपॉझिशनमध्ये, म्हणजे सुनावणीआधी समोरचा वकील शपथेवर घेतो त्या साक्षीत, हमखास येतो. तेव्हा केसबद्दल मला एक अक्षर सांगू नकोस. गेल्या वर्षी माझी साक्ष झाली, तेव्हा मी कुठे आपटलो तेवढं मी सांगतो.

तुझी साक्ष घरूनच व्हिडिओवर आहे म्हणून तू निर्धास्त वाटलास. माझी फसगत तिथेच झाली. खुर्ची रोजची, लॅपटॉप रोजचा, मग मनाला ती ऑफिसची मीटिंगच वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीलाच शपथ होते आणि कोर्ट रिपोर्टर तुझा शब्दन् शब्द टिपून घेते. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टातल्या दिवाणी दाव्यात, वेगळं काही ठरलं नसेल तर, तिथल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३० प्रमाणे हे एका दिवसात ७ तासांपर्यंत चालू शकतं. राज्याच्या कोर्टांचं गणित निराळं, ते वकिलाला विचार.

आता माझा गाढवपणा ऐक. एका प्रश्नाला मी नीट, नेमकं उत्तर दिलं. समोरचा वकील गप्प. खाली बघून काहीतरी लिहीत असावा. पडद्यावरची शांतता फार टोचते रे, नेट गेलं की काय असंही वाटतं. ती भरून काढायला मी म्हणालो, "तसा त्याआधी एक ईमेलही आला होता." त्याला त्या ईमेलचा पत्ताच नव्हता! पुढचा पाऊण तास तो एकच ईमेल. माझ्या वकिलाचा चेहरा छोट्या चौकोनातही वाचता येत होता.

म्हणून विचारलं तेवढंच सांगायचं आणि थांबायचं. तुझी बाजू पटवून देण्याची ती जागाच नाही. उत्तराआधीही दोन सेकंद जाऊ देत, आवाज उशिरा पोचतो आणि तुझ्या वकिलाला हरकत नोंदवायला फट मिळते. हरकत घेतली तरी उत्तर सहसा द्यावंच लागतं. "देऊ नका" असं त्याने स्पष्ट सांगितलं, तरच गप्प बस.

आपली ती मान! होला हलते, नाहीला हलते, "बघू"लाही हलते. ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे साक्षीच्या लेखी नोंदीत, मान उमटत नाही. "हं हं"सुद्धा नको, "हो" किंवा "नाही" म्हण. मनात मराठीतून उत्तर जुळवावं लागत असेल तर दुभाषाचं आत्ताच बोल, लाजू नकोस. आणि "माहीत नाही" नि "आठवत नाही" यांत गल्लत करू नकोस. जे कधी ठाऊकच नव्हतं त्याला "आठवत नाही" म्हणालास, तर आठवण करून द्यायला ते कागद काढत बसतील.

कागद पडद्यावर दाखवतात तेव्हा एकच परिच्छेद समोर येतो. वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवा, असं बेधडक म्हण. तुझ्या टेबलावर मात्र वकिलाने सांगितलं असेल तेवढंच ठेव. माझ्या मॉनिटरला एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती. खोलीत कोण आहे, समोर काय आहे हे विचारताना तिचीही चौकशी झाली. तिच्यावर वायफायचा पासवर्ड होता, तरी मला घाम फुटला. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, मेसेजच्या खिडक्या बंद कर. साक्ष चालू असताना वकिलाला गुपचूप मेसेज तर अजिबात नको. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला कॅमेरा लावून बघ. दुपारी माझ्या पाठीमागच्या खिडकीतून ऊन आलं आणि मी नुसती काळी सावली दिसत होतो.

संपण्याआधी ट्रान्सक्रिप्ट वाचून बघायचा हक्क मागायला वकिलाला सांग. फेडरल नियमात त्यासाठी ३० दिवस मिळतात. मी वाचली तेव्हा एका तारखेत चूक सापडली होती.

संपलं की फोन कर, पण केसबद्दल तेव्हाही नको. आणि मित्राचं पत्र आलं होतं का, असं त्यांनी विचारलं तर "हो" म्हण. एवढंच.

तुझा,
अविनाश