खडूच्या डोंगरांवरून आई-बाबांना

ब्रायटन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतं, पण दोन मिनिटं तब्येतीची, दोन मिनिटं जेवणाची, की झालं. मधलं सगळं राहून जातं. बाबा, तुम्ही मागे विचारलंत की एवढ्या हिरव्यागार डोंगरांवर एकही ओढा कसा नाही. आणि आई, तुझा प्रश्न होता की सुट्टी मिळाली की ही पोरगी त्याच त्या डोंगरांवर काय बघायला जाते. दोन्ही उत्तरं फोनवर मावणारी नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आधी बाबांचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या ब्रायटनच्या पाठीशी डोंगरांची एक लांब रांग आहे, साउथ डाउन्स. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नच्या समुद्रापर्यंत गेलेली. तिच्या माथ्यामाथ्याने जाणारी वाट १६० किलोमीटरची आहे, आणि २०१० साली हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान झाला. उंची म्हणाल तर काहीच नाही. डिचलिंग बीकन हे इथलं नावाजलेलं टोक जेमतेम २४८ मीटर. आपल्याकडे त्याला कुणी डोंगर म्हणणार नाही. पण वर पोचल्यावर जी मोकळीक मिळते ती मला सह्याद्रीतही फार थोड्या ठिकाणी मिळाली आहे. झाड जवळजवळ नाही, आखूड गवत, डावीकडे समुद्राची चमक, उजवीकडे खाली सपाट शेतं आणि पलीकडे क्षितिजावर अशीच दुसरी रांग, नॉर्थ डाउन्स.

आणि हे सगळं खडूचं आहे, बाबा. मऊ, पांढरा, नखाने ओरखडा उठेल असा चुनखडक. इथे एके काळी उबदार समुद्र होता. त्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांची कवचं ती मेल्यावर तळाशी पडत राहिली, त्यांचे थर झाले. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वीपासून सात कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हेच चाललं होतं. आपल्या दख्खनचा लाव्हा वाहिला तो त्यानंतर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण या पांढऱ्या दगडापेक्षा वयाने लहान. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा तुमची आठवण आली.

या दोन रांगा मुळात एकाच खडूच्या थराच्या. आल्प्स उभे राहत असताना जमीन इथपर्यंत दाबली गेली, थर मधोमध फुगून वर आला, आणि मग माथा झिजून निघून गेला. उरले ते दोन काठ. म्हणून प्रत्येक रांगेची आतली बाजू कड्यासारखी उभी आणि बाहेरची बाजू हळूहळू उतरत जाणारी. डिचलिंगला उत्तरेकडून चढलं तर छाती भरून येते, आणि दक्षिणेकडे समुद्रापर्यंत उतरताना उतार जाणवतही नाही.

आता पाणी. तुम्ही दुष्काळात नोकरीला लागलात आणि माण-खटावात पाझर तलावांवर उभे राहिलात. पडलेलं पाणी पळून जाऊ नये, जमिनीत मुरावं, यासाठी तुमचं निम्मं आयुष्य गेलं. इथे नेमकं उलट आहे. खडूला इतक्या भेगा आहेत की पाऊस पडला की सरळ आत उतरतो. माथ्यावर चिखल होतो, पण पाणी साचत नाही. दऱ्या आहेत, चांगल्या खोल आहेत, आणि तळाशी एक थेंब वाहत नाही. त्या हिमयुगातल्या आहेत. तेव्हा खालची जमीन गोठलेली होती, पाण्याला आत जायला वाट नव्हती, म्हणून ते वरून वाहिलं आणि दऱ्या कोरून गेलं. बर्फ गेला, भेगा मोकळ्या झाल्या, दऱ्या कोरड्या राहिल्या.

मुरलेलं पाणी मग खाली कड्याच्या पायथ्याला झऱ्यांनी बाहेर येतं, जिथे खडूखाली चिकणमातीचा थर लागतो. नकाशा काढून बघा, पायथ्याची जुनी गावं एका ओळीत बसलेली दिसतील. झरे तिथे गावं. ब्रायटनच्या नळाला येणारं पाणीही याच खडूतून उपसलेलं असतं. किटलीत त्याची पांढरी खपली धरते, दर पंधरा दिवसांनी व्हिनेगरने काढावी लागते. आणि माथ्यावरच्या मेंढ्यांना पाणी हवं म्हणून धनगरांनी तळी केली ती चिकणमाती भिजवून, पायांनी आणि जनावरांच्या खुरांनी तुडवून, तळ पक्का थापून. पाझर थांबवण्यासाठी केलेली तळी, बाबा. त्यातलं एक बीकनच्या जवळच आहे. मी त्याच्या काठावर बसून डबा खाल्ला आणि मनात म्हटलं, हे तुम्हाला स्वतः दाखवायला हवं. तुम्ही खाली वाकून माती बोटांत घ्याल, हे मला आत्ताच दिसतंय.

वाटेवर पायाखाली गारगोट्या लागतात. एक मी घरी आणली आहे, लिहिताना समोरच आहे. मुठीएवढी, वेडीवाकडी, वरून पांढरी खरबरीत साल. एका बाजूने फुटलेली आहे, तिथे आत काळीभोर काच. धार अशी की बोट जपूनच फिरवावं. समुद्रातल्या स्पंजांमधली सिलिका खडूच्या थरांत गोळा होऊन हे दगड झाले. इथल्या अश्मयुगातल्या माणसांनी यांच्यासाठी खाणी खणल्या, त्यांचे खड्डे वर्दिंगजवळ सिसबरीला अजून दिसतात. नंतरच्या लोकांनी याच दगडांत चर्चच्या आणि घरांच्या भिंती बांधल्या, कारण बांधकामाला दुसरा टणक दगड जवळपास नव्हताच.

आई, तुला गवत आवडेल. कासच्या पठारावर आपण गेलो होतो तेव्हा तू सगळ्यांच्या मागे राहून वाकून वाकून बघत होतीस, तसंच इथे करावं लागतं. तिथे कातळावर मातीचा पातळ थर आणि इथे खडूवर. माती कसदार नाही म्हणून एकही गवत माजत नाही, आणि म्हणून सगळ्यांना जागा मिळते. हातभर चौकोनात वीस-वीस प्रकारची रोपं असतात. पिवळी, जांभळी, निळी, सगळी बोटभर उंचीची. रानटी थाइमची एक काडी चुरगाळून वास घेतला तर ओव्याच्या अगदी जवळ जातो, दोन्हींत एकच द्रव्य असतं म्हणे. उन्हाळ्यात निळी फुलपाखरं या गवतावर उडतात, आणि चंडोल पक्षी गात गात सरळ वर चढत जातो, दिसेनासा होतो, तरी ऐकू येत राहतो.

हे गवत आपोआप टिकलेलं नाही. हजारो वर्षं मेंढ्यांनी खाऊन आखूड ठेवलं म्हणून आहे. दुसऱ्या महायुद्धात धान्य पिकवायला डोंगराचा मोठा भाग नांगरला गेला, तिथलं हे गवत गेलं ते गेलंच. उरलेल्या तुकड्यांवर आता मुद्दाम मेंढ्या सोडतात. नाहीतर काटेरी झुडपं काही वर्षांत सगळं झाकून टाकतात.

तुझी काळजी मला माहीत आहे, म्हणून सांगते. मी एकटी जात नाही, ऑफिसमधल्या दोघी असतात. वाटा शेतांमधून जातात, पण त्या वाटेने चालायचा सगळ्यांना कायद्याने हक्क आहे, कुणी हटकत नाही. फाटकांवर बाण लावलेले असतात. जनावरांचं फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं, एवढंच. पाऊस पडून गेला की खडू फार निसरडा होतो आणि बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होतात. सेव्हन सिस्टर्स नावाच्या समुद्राकाठच्या खडूच्या कड्यांवर मी काठापासून लांब राहते. समुद्र ते खालून सतत पोखरतो, म्हणूनच तर ते इतके पांढरे राहतात. जवळच एक जुनं दीपगृह १९९९ मध्ये उचलून १७ मीटर मागे सरकवावं लागलं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहिते आहे ते.

हॅसॉक्स नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरून आम्ही डोंगर चढतो. वर जॅक आणि जिल नावाच्या दोन पवनचक्क्या आहेत. पांढरी जिल मूळची ब्रायटनची, १८५२ मध्ये बैल जुंपून ती इथे ओढून आणली. तिथून दक्षिणेला शेतांमधून चालत गेलं की एका उतारावर, आजूबाजूला घर नाही, काही नाही, आणि संगमरवरी छत्री उभी आहे. आपल्याकडची छत्री. आठ खांब, वर घुमट. तिचं नावही इथे छत्रीच आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले आपले सैनिक ब्रायटनला आणले होते. इथल्या राजवाड्याचं, रॉयल पॅव्हिलियनचं, १९१४ च्या डिसेंबरमध्ये हॉस्पिटल केलं. हिंदू-मुसलमानांसाठी वेगळी स्वयंपाकघरं, वेगळे नळ, सगळं पाळलं. जे मुसलमान वारले त्यांना वोकिंगला मशिदीजवळ पुरलं. आणि हिंदू-शीख होते, ५३ जण, त्यांना या डोंगरावर आणून अग्नी दिला. अस्थी समुद्रात सोडल्या. जिथे चिता रचल्या तिथे आता ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत आणि त्यांच्या वरच्या अंगाला ही छत्री. तिचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराने केला. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. २०१० मध्ये शेजारी एक भिंत बांधून तिच्यावर त्या ५३ जणांची नावं कोरली.

मी ती सगळी वाचते, दर वेळी, मोठ्याने. गढवालचे, पंजाबचे, नेपाळचे. आपल्या ओळखीचं कुणी नाही, तरी वाचते. हॉस्पिटलमधून हे लोक घरी पत्रं लिहीत, पुष्कळांना लिहिता येत नसे, तर दुसऱ्याकडून लिहून घेत. सरकारी खात्यात ती तपासली जात आणि त्यांतले उतारे भाषांतर करून ठेवले जात. ते उतारे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. यांच्या आई-बापांना कधीतरी असं पत्र गेलं असेल, आणि नंतर पत्र यायचं थांबलं असेल. त्यांच्यातल्या कुणाला इथे येऊन हा उतार बघणं शक्य नव्हतं. तुम्हाला आहे.

म्हणून तुम्ही यावं असं मला फार वाटतं. दर वर्षी जूनमध्ये छत्रीपाशी स्मरणाचा कार्यक्रम होतो. तेव्हा इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, गवत फुललेलं असतं आणि वारा सोसवतो. छत्रीपर्यंत नेहमी गाडी जात नाही, चालावंच लागतं. पण ब्रायटनच्या कडेला पॅचम आहे, त्या बाजूने चढ हळूहळू येतो. बाबांच्या गुडघ्याचा विचार करून मी ती वाट मुद्दाम चालून पाहिली आहे. थांबत थांबत गेलं तरी सकाळभरात आरामात होईल. डिचलिंगला तर उन्हाळ्यात शनिवार-रविवारी ब्रायटनहून बस वरपर्यंत जाते, म्हणजे तळं बघायला अजिबात चढायला नको.

बाबा, पासपोर्टची मुदत बघून मला कळवा. व्हिसाचे कागद मी इथून पाठवते. मागच्या वर्षीचा डॉक्टरांचा रिपोर्टही स्कॅन करून ठेवा, विम्यासाठी लागेल. आई, चालायचे बूट तिथे घेऊ नकोस, इथे येऊन तुझ्या मापाचे घेऊ. फक्त लोकरीची टोपी आणि वाटेत खायला तुझे मेथीचे लाडू आण.

तुमची,
मनू