बॉयकॉट आणि व्हिस्की, दोन्ही इथलेच

गॉलवे, आयर्लंड

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी ‘बॉयकॉट’ म्हणायचा अवकाश, तुम्ही थेट १९६७ च्या लीड्स कसोटीवर गेलात. जेफ्री बॉयकॉटने आपल्याविरुद्ध नाबाद २४६ काढले आणि तरी संथ खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं, हे सांगताना तुमचा आवाज पंचवीस वर्षांनी तरुण झाला होता. माझं सांगणं तेवढं राहूनच गेलं. मला म्हणायचा होता तो बॉयकॉट दुसराच. माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर, मास्क तळ्याकाठी राहायचा.

हा चार्ल्स बॉयकॉट फौजेतून आलेला, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. मेयो परगण्यात बॅलिनरोब गावाजवळ लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभार त्याच्याकडे होता. १८७९ ला पीक बुडालं. कुळांनी खंडात पाव हिस्सा सूट मागितली, लॉर्डसाहेब दहा टक्क्यांवर अडले. सप्टेंबर १८८० मध्ये कॅप्टनने जमिनी खाली करायच्या नोटिसा काढल्या.

त्याच महिन्यात एनिस गावच्या सभेत पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने लोकांना सांगितलं होतं, की बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, एकटा पाडा. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येसुद्धा. गावाने तेच कॅप्टनला लावलं. गडी गेले, मोलकरणी गेल्या. लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, टपालाचा पोरगा येईना. शेतात पीक तसंच उभं. शेवटी कॅव्हन-मोनाघनकडून ५० मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला १०,००० पौंड खर्च आला म्हणतात! डिसेंबर उजाडता उजाडता कॅप्टन बायकोला घेऊन निघून गेला.

शब्दाची जन्मकथा तर त्याहून गमतीची. या प्रकाराला काय म्हणावं, असं रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने तिथल्या फादर ओमॅली या धर्मगुरूंना विचारलं. ‘ऑस्ट्रसाइझ’, म्हणजे वाळीत टाकणं, म्हटलं तर शेतकऱ्यांना कळायचं नाही, म्हणून फादर म्हणाले, ‘बॉयकॉट करणं’ म्हणा. बघता बघता तो फ्रेंच-जर्मनमध्येही गेला.

आई, तुझ्या आजोळी गावकीने एका घराला वाळीत टाकलं होतं, ते तू सांगायचीस. विहीर बंद, लग्नाचं बोलावणं बंद, मयताला खांदा द्यायलाही कुणी नाही. हे वाचताना मला सारखं तेच घर आठवत होतं. पण तिथे अख्खं गाव एका घरावर उठलेलं, इथे कंगाल कुळं एका लॉर्डसमोर उभी राहिलेली. मला या दोन गोष्टी एक वाटत नाहीत. १९०५ नंतर टिळकांनी विलायती मालावर जो बहिष्कार पुकारला, तो मेयोच्या बाजूचा. गावकीच्या जाचाला मात्र महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. दोन्हींना आपण ‘बहिष्कार’च म्हणतो, हे मला खटकतं. बाबा, तुमचं काय म्हणणं?

दुसरा शब्द आईला आवडणार नाही. इथे रस्त्यातल्या पाण्याच्या झाकणांवर ‘इश्का’ असं लिहिलेलं दिसतं. आयरिशमध्ये इश्का म्हणजे पाणी. लॅटिन ‘अ‍ॅक्वा व्हीटे’ला, म्हणजे जीवनाच्या पाण्याला (हे दारूचंच जुनं नाव), इथले लोक ‘इश्का बाहा’ म्हणायचे. इंग्रजांनी शेपूट टाकून नुसता ‘इश्का’ उचलला आणि त्याची व्हिस्की केली. म्हणजे नाव बघाल तर निव्वळ पाणी! १४०५ च्या नोंदीत, इथल्या एका बखरीत, नाताळात हे पाणी पिऊन मेलेला एक सरदार आहे. लिहिणाऱ्याने खाली शेरा मारलाय, की त्याला ते जीवनाचं नव्हे, मृत्यूचं पाणी ठरलं.

आई, घाबरू नकोस, मी झाकणाखालचंच पितो. गुडघ्याचा नवा पट्टा नीट बसतो का ते कळव, नाहीतर माप घेऊन दुसरा पाठवतो.

तुमचा,
धाकटा