दात सरकायला हाडाला वेळ लागतो

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला सहा महिन्यांत दात सरळ करून मिळतात हा लेख वाचला अन् रात्रभर डोक्यातून गेला नाही म्हणून लिहितेय. क्लिपा, तारा, रंगीत रबर, खर्च सगळं आलंय त्यात, पण दात ज्या हाडात बसलाय त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

अहो, तार नुसती दाबते, दाताला वाट करून देतं ते हाड. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, दाब येतो त्या बाजूचं हाड पेशी खातात आणि मागच्या बाजूला ताण पडतो तिथं नवीन हाड भरतं, तेव्हा कुठं दात पुढे जातो. जोर जास्त झाला तर त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात आणि दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. सँडस्टेट नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं 1904 मध्ये कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे लिहून ठेवलंय. 1932 मध्ये श्वार्झ नावाच्या दंतवैद्यानं जोर किती असावा याचा आकडासुद्धा दिला, मुळाच्या एका चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम, बस.

माझ्या मुलीला हे भोगावं लागलं. घरात लग्न होतं, क्लिनिकवाले म्हणे दर आठवड्याला या, टाईट करत जाऊ, लग्नापर्यंत होऊन जाईल. पोरगी रडायची, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. सुळा तर काही सरकेना, अन् समोरचा वरचा दात मात्र डुलायला लागला, सासूबाई रोज म्हणत, "दात हाली ऱ्हायना माय, कोनले तरी दखाड." शेवटी धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एक्सरे काढला तर मुळाचं टोक झिजून आखूड झालेलं. थोडीफार झीज तार लावलेल्या बहुतेकांना होते, पण सारखा जादा जोर दिला की ती वाढते, आणि गेलेलं मूळ परत येत नाही. त्यांनी आधी तार सैल केली अन् काही महिने हातच लावला नाही. हे सगळं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ती सोळा वर्षांची आहे, हा दात तिला आयुष्यभर वापरायचाय हो.

तुमच्याच लेखात उपदाढ काढून जागा करतात असं लिहिलंय. ती जागा साधारण 7 मिलिमीटरची, दात महिन्याला सरकतो 1 मिलिमीटरच्या आसपास, मग एकट्या त्या जागेलाच सहा महिने पुरत नाहीत, बाकीचं कधी करणार? नंतर सरकलेले दात जागेवर धरून ठेवायला रिटेनर आहेच, हिरडीतले ताणलेले तंतू कितीतरी महिने दाताला मागे ओढत राहतात. त्याचं तर नावच नाही लेखात.

आणि "दुखल्यास कोणतीही पेनकिलर घ्यावी" हे कोणी छापू दिलं? आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या हाडातल्या पेशींना जागं करणारं रसायनच कमी करतात, सारख्या घेतल्या तर दात सरकणं मंदावू शकतं, म्हणून आमचे डॉक्टर लागलीच तर पॅरासिटामॉल घ्या म्हणतात. आमच्याकडे मेडिकलवर कुठलीही गोळी मागितली की मिळते, त्यात पेपरात आलंय म्हटल्यावर कोण विचारतं.

अजून एक. लेखाच्या बरोबर खाली दाताच्या दवाखान्याची जाहिरात आहे, तेच अक्षर, तशीच चौकट, आमच्या गल्लीत दोघींनी ती लेखाचाच भाग समजून वाचली. तिच्यावर "जाहिरात" असं ठळक लिहीत जा. आणि पेनकिलरबद्दलची दुरुस्ती येत्या पुरवणीत, त्याच पानावर, दिसेल अशी छापा ही विनंती.

आपली,
एक वाचक, अमळनेर