धाकट्याच्या मुंजीबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून आला, म्हणून लिहायला बसले. धाकट्याची मुंज आम्ही करणार नाही, ते ठरलं आहे. राग देवावर नाही, तुमच्यावर तर नाहीच. पण याद्या करताना त्याच्या ताईनं विचारलं, "मला का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलींच्या मुंजी लावणारे इकडे पुण्यात आहेत, त्याचाही विचार केला. पण मग ती श्रद्धा नसती, नुसता हट्ट झाला असता.

तर्क आला की श्रद्धा जाते, असं बाबा म्हणतात. बाबा, बडोद्यात दांडिया बाजारातून जाताना सरदार मजुमदारांच्या वाड्याची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? जानेवारी १९०८, सुरतेची काँग्रेस नुकती फुटलेली, आणि केंब्रिजला शिकलेले अरविंद घोष तिथं वरच्या खोलीत योगी विष्णू भास्कर लेल्यांबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले. होम नाही, सोवळं नाही. विचार बाहेरून येताना दिसतील, त्यांना आत येऊ देऊ नका, एवढंच लेल्यांचं सांगणं. त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. करून पाहिलं, आणि मन निवांत झालं.

माझी श्रद्धा टायफॉइडच्या तापातली आहे. बाबा उशाशी बसून दत्ताची करुणात्रिपदी म्हणत होते, कपाळावर आईचा हात. अर्थ कुठे कळत होता! अजूनही घाबरले की तोच आवाज ऐकू येतो. नुसती माया म्हणजे श्रद्धा नव्हे, हेही कळतं. भीतीपोटी बोललेले नवससुद्धा मायेतूनच येतात. म्हणून दोन्ही लागतं, माया आणि विचारही. संध्याकाळी दिवा लावून दोन्ही मुलं माझ्याबरोबर त्रिपदी म्हणतात. धाकट्याला सगळी पाठ आहे. ते काही सुटणार नाही, बाबा.

नातेवाईकांनी विचारलं तर माझं नाव सांगा, तुम्ही ऐकून घेऊ नका.

आई, शुगरची गोळी घेऊन गुरुवारी उपाशी राहायचं नाही. साबुदाण्याची खिचडीही नको. आधी डॉक्टरांना विचार, मग मला कळव. बाबा, देवघरापुढे बसायला खुर्ची पाठवली आहे, ती वापरा. गुडघे दुमडून पूजा केली तरच दत्तमहाराजांना पोचते असं नाही. गरुडेश्वरला दर्शनाला एसटीनं जाऊ नका. दिवाळीत मी येते, गाडी करून सगळेच जाऊ.

मुंजीसाठी घेतलेली चांदीची पळी ताईला द्यायची की धाकट्याला, ते आई, तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
बेबी