विषय: चेन सॉचा ऑइल पंप निकामी, आणि ‘ग्राहकाने तेल घातले नाही’ हा जॉब शीटवरचा खोटा शेरा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी सव्वाअकराला तुमच्या कॉल सेंटरमधून मला सातवा फोन आला. ‘तुमची तक्रार क्लोज केली आहे’ एवढं सांगून समोरून फोन ठेवला गेला. क्लोज कोणी केली, कशाच्या आधारावर केली, हे विचारायलाही मला सवड मिळाली नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉब शीट आणि नऊ फोटो सोबत जोडले आहेत.

मशीन तुमचंच आहे, त्याची ओळख मी करून द्यायला नको. ५८ सीसी, चेन ज्याच्यावर फिरते तो बार २२ इंची, पेटीवर मोठ्या अक्षरात ‘हेवी ड्युटी’. १८ एप्रिलला घेतलं, वॉरंटी सहा महिन्यांची. ११ जूनला, म्हणजे दोन महिनेही पुरे व्हायच्या आत, त्याचा चेनला तेल पोचवणारा ऑइल पंप गेला.

त्याच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि सहकारनगरमधल्या एका सोसायटीच्या फाटकावर गुलमोहर आडवा झाला. अग्निशमन दलाने रात्रीच रस्ता मोकळा होईल इतकं कापून दिलं. उरलेला बुंधा आणि फांद्यांचं काम सोसायटीने मला दिलं. महापालिकेच्या उद्यान विभागाचा कागद हातात आल्यावरच मी मशीन गाडीतून खाली घेतलं. शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि कागदाशिवाय मी कुणाच्या दारातली फांदीसुद्धा कापत नाही. हे सांगतोय कारण तुमच्या माणसाने मला नंतर ‘कसंही मशीन चालवणारा’ ठरवलं.

गुलमोहराचं लाकूड मऊ. बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका असता तर मशीनवर ताण आला असं तरी म्हणता आलं असतं. चेनला त्याच सकाळी ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने धार लावली होती. पहिल्या दोन कापांत जाड ढलप्या पडत होत्या. बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते, ढलप्या पाडत नाही, हे तुमच्या इंजिनियरना ठाऊक असणारच. मशीन माझ्या भाच्याच्या हातात होतं. चेन सैल पडली म्हणून त्याने मशीन बंद करून ती ताणली. पाच मिनिटांत परत सैल. परत ताणली. तिसऱ्या कापाला बारच्या टोकाकडून धूर निघाला आणि तो ‘मामा, वास येतोय’ म्हणेपर्यंत चेन बारवरून उतरून मागे फटकारली गेली. उतरलेली चेन अडवणाऱ्या खालच्या चेन कॅचरवर आदळली म्हणून त्याचा उजवा हात वाचला. त्या कॅचरवर अर्धा बोट खोल खाच पडली आहे. फोटो क्रमांक ३ नीट बघा.

बारला हात लावता येत नव्हता. मधोमध निळा पडला होता. बार निळा पडतो तो कोरडा घासल्यावर. म्हणून मी आधी तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलची टाकी तळाला लागली होती आणि चेन ऑइलची टाकी सकाळी भरली तशीच्या तशी होती. काठोकाठ. तुमच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की दर वेळी पेट्रोल भरताना चेन ऑइलही भरा, कारण दोन्ही बरोबरीने खर्च होतात. इथे पेट्रोल संपलं आणि तेलाचा एक थेंब चेनपर्यंत गेला नाही.

संध्याकाळी वखारीत बार उतरवला, खोबणीतला भुसा तारेने काढला, तेलाचं छिद्र साफ केलं. बाजूला होता तो बार आणि नवी चेन बसवली आणि टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून मशीन थोडा वेळ रेस केलं. पंप चालू असेल तर पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटते. पुठ्ठा कोरडा राहिला. त्याचाही फोटो आहे.

१३ जूनला हडपसर रस्त्यावरच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने बारचा निळा डाग बघितला आणि मशीनला हात न लावता जॉब शीटवर लिहिलं: ‘ल्युब्रिकेशन फेल्युअर. ग्राहकाने तेल न घालता मशीन वापरले.’ मी त्याच्या डोळ्यांसमोर टाकीचं झाकण उघडलं. तेल त्याच्या काउंटरवर सांडलं, इतकी टाकी भरलेली होती. त्याने फडक्याने काउंटर पुसला. शेरा मात्र तसाच ठेवला.

मी २० जूनला परत गेलो आणि माझ्यासमोर क्लच उघडल्याशिवाय हलणार नाही असं सांगितलं. तिथल्या जुन्या मेकॅनिकने उघडला. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याला त्याचं काम येतं. क्लचच्या ड्रमच्या मागे पंप फिरवणारा जो छोटा प्लास्टिकचा वर्म गिअर असतो, त्याचे दात वितळून गोल गुळगुळीत झाले होते. बोटावर काळी पूड लागली. दातच नाहीत तर पंप फिरणार कसा, आणि पंप फिरला नाही तर भरलेली टाकी काय उपयोगाची? मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, ह्यात तुमची काही चूक नाही, गिअरच गेलाय.’ दुसऱ्या जॉब शीटवर त्याने ‘वर्म गिअर खराब’ असं लिहिलंही. ती शीट तुमच्या मुख्य कार्यालयात पोचली का? पोचली असेल तर ती कोणी वाचली का?

हे विचारायचं कारण २७ जूनचा फोन. तो फोन मी विसरू शकत नाही, म्हणून सगळा लिहितोय.

तुमच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, ‘सर, तुम्ही तेल टाकलं होतं का?’ मी म्हटलं, टाकी भरलेली होती, फोटो पाठवलाय. ‘नाही सर, पेट्रोलमध्ये तेल टाकलं होतं का?’ मी म्हटलं, ते टू-टी ऑइल, एका लिटरला ४० मिली, तुमच्या मॅन्युअलप्रमाणे. त्याचा ह्या बिघाडाशी संबंध नाही. इंजिन उत्तम चालू आहे, मी चेन ऑइलबद्दल बोलतोय. त्यांना टू-टी ऑइल आणि चेन ऑइल यातला फरकच माहीत नव्हता. मी दोन वेळा समजावून सांगितलं. चेन सॉ विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला.

मग म्हणाले, ‘तुम्ही जळकं ऑइल वापरलं असेल, सर. सगळे वापरतात.’ गाड्यांचं काढलेलं काळं ऑइल स्वस्त मिळतं आणि पुष्कळ लोक घालतात, हे खरं आहे. मी घालत नाही. तुमच्याच डीलरकडून घेतलेल्या चेन ऑइलच्या डब्यांची बिलं माझ्याकडे आहेत. तेही सांगितलं. मग विचारलं, ‘लाकूड ओलं होतं का?’ पावसात पडलेलं झाड ओलं असणार नाही तर काय? आणि ताजं ओलं लाकूड कापायला सोपं असतं, वाळल्यावर ते कठीण होतं. हे लाकडात काम करणारा कोणीही सांगेल.

यानंतर ते जे बोलले ते शब्दशः असं: ‘सर, हे मशीन घरगुती वापराचं आहे. तुम्ही ते लेबरच्या हातात दिलं. ती माणसं मशीन रगडतात, त्यांना मशीनचं काय कळणार.’

ज्याला तुमचे प्रतिनिधी ‘लेबर’ म्हणाले तो माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, २२ वर्षांचा. पण तो माझा कोणी नसता तरी हे वाक्य तितकंच घाणेरडं राहिलं असतं. माझे वडील दोन माणसांची करवत ओढायचे. दिवसभर ओंडके चिरून संध्याकाळी कानस घेऊन करवतीच्या एकेका दाताला धार लावायचे, मगच हात धुवायचे. मशीनची काळजी कशी घ्यायची ते आम्ही त्या माणसांकडून शिकलो. ज्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर चेन फिरते, त्याला मशीन कळतं. ज्याला चेन ऑइल कुठे घालतात हे माहीत नाही, त्याने त्याला शहाणपण शिकवायचं नाही. त्या पोराचा हात त्या दिवशी जाता जाता वाचला. त्याच्या हाताची चौकशी तुमच्या एकाही माणसाने सातपैकी एकाही फोनवर केली नाही.

आणि घरगुती वापराचं म्हणाल तर पेटीवर ‘हेवी ड्युटी’ कशाला छापलंय? पेटीवरच्या चित्रातला माणूस कमरेइतक्या जाड बुंध्याजवळ उभा आहे. वॉरंटी कार्डावर ‘फक्त घरगुती वापर’ असं एक अक्षर नाही. मी पुढून मागून वाचलंय.

तुमच्या वरिष्ठांनी नंतर कळवलं की मी धंद्यासाठी मशीन वापरतो म्हणून मी ‘ग्राहक’च ठरत नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली ग्राहकाची व्याख्या एकदा उघडून वाचा. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरलेली नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ माझी एक छोटी वखार आहे. मी आणि भाचा, एवढेच. जळण फोडतो, आंब्याच्या ओंडक्यांच्या फळ्या आरा मशीनवर चिरून आणतो, पावसाळ्यात पडलेली झाडं उचलतो. हे मशीन बंद म्हणजे काम अडतं. १३ जूनपासून मी दिवसाला ६०० रुपये भाड्याने दुसऱ्याचं मशीन आणतोय, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत.

खरं दुःख वेगळंच आहे. तुमचं एक मशीन माझ्याकडे २०१६ पासून आहे. त्याचा बार दोनदा बदलला, चेन किती बदलल्या त्याचा हिशोब नाही, पण पंप आजतागायत तोच आहे. त्याचा क्लच आम्ही स्वतः उघडून बघितला. आत वर्म गिअर धातूचा आहे. त्या मशीनच्या जोरावर मी चार जणांना तुमचंच मशीन घ्यायला लावलं. त्यातला एक मुळशीत बाभळी तोडतो. त्याला मी आता सांगितलंय की दर टाकीला तेल किती उतरलं ते बघ, चेन सैल पडली की ताणत बसू नकोस, आधी मशीन बंद करून गार होऊ दे. हे त्याला मी सांगावं लागतं. तुम्ही सांगायला हवं होतं. धातूचा गिअर काढून प्लास्टिकचा बसवून किती रुपये वाचले तुमचे?

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. पंप धातूच्या गिअरसह बदलून द्या, आणि तो गिअर तुमच्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. जळालेला बार आणि चेन भरून द्या. भाड्याच्या मशीनचा खर्च द्या. आणि १३ जूनच्या जॉब शीटवरचा ‘ग्राहकाने तेल न घालता मशीन वापरले’ हा शेरा लेखी रद्द करा. ही शेवटची मागणी पैशांची नाही, पण ती मी सोडणार नाही. टाकी भरलेली होती. तुमच्या काउंटरवर ते तेल सांडलं होतं.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. फोन नको, आठवा फोन मी उचलणार नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच आता दावा दाखल करता येतो, त्यामुळे त्यासाठी मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यायची गरज नाही. वितळलेला वर्म गिअर मी सर्व्हिस सेंटरमधून सही देऊन परत घेतला आहे. तो एका डबीत, कापसात ठेवलाय. आयोगासमोर तोच ठेवीन.

आपला ग्राहक,
(सही)
भवानी पेठ, पुणे

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, १३ आणि २० जूनच्या जॉब शीट, चेन ऑइलची बिलं, भाड्याच्या पावत्या, ९ फोटो