जुन्या हैदराबादचे फोटो हवेत, लग्नामुंजीचेही चालतील

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात गौळीगुड्यातला एक जुना वाडा रिकामा झाला. भिंतीवरच्या तसबिरी भंगारवाल्याने नेल्या. लाकूड आणि काच त्याच्या कामाची. आतले फोटो त्याने पायरीवरच टाकून दिले. आमच्या मंडळातल्या एकाच्या नजरेला ते पडले, तोवर एक सर येऊन गेली होती. अकरा फोटो हाती लागले, त्यातले चार एकमेकांना असे चिकटलेले की सुटता सुटेनात. हे आवाहन त्या अकरा फोटोंमुळे आहे.

हैदराबादच्या जुन्या फोटोंना तोटा नाही. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. महाल, शिकारी, मेजवान्या, लष्कराची संचलनं, सगळं त्यांनी टिपलं आणि ते आज नीट जपलेलं आहे. चारमिनार तर कोणी काढला नाही? पण काचिगुड्याहून सुलतान बाजारला जाताना 1950 साली कोणती दुकानं लागत, विवेकवर्धिनीच्या वर्गात बाकं होती की सतरंज्या, बडी चावडीतल्या वाड्यांचे सज्जे कसे होते, हे दरबारी कॅमेऱ्याने कशाला पाहावं? ते असेल तर तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत.

विचारलं की उत्तर ठरलेलं: “अहो, आमच्याकडे नुसते लग्नामुंजीचे फोटो.” तेच द्या. त्या अकरांत एक मुंजीचा फोटो आहे. बटू, आईवडील, कडेला लाल आलवणातली आजी (फोटो काळापांढरा आहे, पण विधवेचं आलवण दुसऱ्या कुठल्या रंगाचं असणार?). आता माणसं सोडून मागे पाहा. दार उघडं आहे, दारातून रस्ता दिसतो, रस्त्यावर टांग्याचं एक चाक आणि समोरच्या दुकानाची पाटी, वर उर्दू, खाली मराठी. फोटो काढणाऱ्याला ते दार बंद करायचं सुचलं नाही, हे आपलं नशीब. पाठीवर पेन्सिलीने लिहिलंय, ‘खुर्दाद 1352’. आमच्यातली तरुण मंडळी चक्रावली. मग एका ज्येष्ठांनी उलगडा केला: हा निजामाच्या संस्थानातला फसली सन, ऑक्टोबरात सुरू होणारा, आणि खुर्दाद हा त्यातला साधारण एप्रिलात येणारा महिना. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत 590 मिळवायचे, जानेवारीपासून 591. म्हणजे मुंज 1943 च्या उन्हाळ्यातली.

1956 पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबादच होती. नांदेड-परभणीची मुलं मनमाडच्या गाडीने काचिगुड्याला उतरत आणि शिकायला उस्मानियात जात. त्यामुळे या शहराचे फोटो निम्मे तरी इथे नसणार. ते नांदेड, लातूर, संभाजीनगर, पुण्यात आणि अमेरिकेतल्या नातवंडांकडे असतील. त्यांनीही पेट्या उघडाव्यात. 1908 च्या मुसीच्या पुराआधीचं, नदीकाठच्या वस्तीतलं काही कोणाकडे असेल, तर कृपा करून आधी आम्हाला कळवा. त्या पुराने अफझलगंजचा पूल मोडला, हजारो माणसं नेली. काठच्या घरांत काय काय वाहून गेलं, त्याची गणतीच नाही.

मूळ फोटो आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्या घरी येऊन, तुमच्या समोर स्कॅन करू, फोटो परत पेटीत आणि एक प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर. नाव द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर एवढंच करा: काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, आम्ही काचेवरूनच स्कॅन करतो. सेलोटेप लावू नका. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला. काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर एकावर एक रचू नका, कागदात गुंडाळून उभ्या ठेवा. आणि पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर आधी त्या काढा.

आता पैशाचं. सध्या स्कॅनर उसना आहे, त्यावर निगेटिव्ह होत नाहीत. नवा स्कॅनर, दोन हार्ड डिस्क (एक मंडळात, एक दुसऱ्या घरी) आणि आम्लरहित कागदाचे लिफाफे, असा एकूण खर्च 1,40,000 रुपये आहे. सभासदांकडून 52,000 जमले. उरलेल्यासाठी हात पसरतो आहोत. 500 रुपयेही मोलाचे आहेत. पावती मिळेल आणि हिशेब कार्यालयाच्या फलकावर लागेल.

पैशापेक्षा अडतं ते वाचणाऱ्यांवाचून. पाट्या उर्दूत, काही फोटोंच्या पाठीवर मोडी. मंडळातले उर्दू माध्यमात शिकलेले आता दोघेच उरलेत, आणि मोडी वाचणारं कोणीच नाही. महिन्यातून एक रविवार देऊ शकाल का?

कार्यालय दर रविवारी सकाळी 10 ते 1 उघडं असतं. मुंजीचा तो फोटो मोठा करून दाराशीच लावला आहे. बटू तेव्हा आठ वर्षांचा धरला, तर आज नव्वदीत असेल. कोणी ओळखत असेल तर नाव सांगा, आम्ही फोटो घेऊन त्यांच्याकडे जाऊ.