मीटर त्यांचा, डबा आमचा, मग हात कोणी लावायचा?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आमच्या कोकणातल्या घरी आई एकटीच असते, वय 74. जूनमध्ये एका रात्री जोराचा वारा सुटला आणि माडाची सुकी झावळी पोलवरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरवर पडली. वायर तुटली नाही, पण तिने पाईप ओढला, पाईपाने मीटरचा डबा ओढला, आणि पडवीच्या भिंतीवरचा तो पत्र्याचा डबा एका स्क्रूवर लोंबकळत राहिला. झाकण उडून तुळशीपाशी पडलेलं. घरात लाईट मात्र चालूच होती आणि खरं सांगायचं तर तेच आमच्या नशिबाला नडलं, कारण लाईट गेली असती तर कोणीतरी धावत आलं असतं.

मी पुण्याहून वीज कंपनीच्या 1912 ह्या हेल्पलाईनला फोन लावला, तक्रार नोंदवली, संध्याकाळी मेसेज आला की तक्रार निवारण झालं. म्हटलं वा! आईला फोन केला तर डबा तसाच लोंबकळतोय. परत विचारलं तर उत्तर मिळालं, सप्लाय चालू आहे ना मग तक्रार कसली. दोन दिवसांनी लाईनमन आला, माणूस भला होता, त्याने वायर जरा वर बांधून दिली, डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, मीटर आमचा, डबा तुमचा. वायरमनला सांगून नवीन बसवून घ्या." आईने गावातल्या वायरमनला बोलावलं. तो टॉर्च मारून आत बघतो तर मीटरच्या टर्मिनलच्या, म्हणजे वायर जोडतात त्या जागेच्या, कव्हरला कंपनीचं तारेचं सील. "मावशी, ह्याला मी हात लावायचा नाही. उद्या सील तुटलं तर चोरीची केस तुमच्यावर आणि माझ्यावर." आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता. वीज कायदा 2003 चं कलम 135 आहे, मीटरशी छेडछाड म्हणजे वीजचोरी, 3 वर्षांपर्यंत शिक्षा.

म्हणजे डबा आमचा, पण तो बदलायचा तर आतला मीटर सोडवावा लागतो, आणि मीटर सोडवायचा तर सील त्यांचं. आता काय करायचं माणसाने?

मी रजा काढून गेलो. त्या डब्याचं वर्णन करायलाच हवं, कारण असे डबे गावात घरटी दिसतील. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला, कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, फ्यूज बसवायच्या चिनीमातीच्या खाचेमागे (त्याला किटकॅट म्हणतात) एक वाळलेली पाल, आणि मीटरच्या खाली जिथे वायर घुसते तिथलं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. ते फुगणं महत्त्वाचं आहे. टर्मिनलचा स्क्रू वर्षानुवर्षं कोणी आवळत नाही, अॅल्युमिनियमची वायर हळूहळू ढिली पडते, मग गिझर लावला की तिथेच तापतं आणि एक दिवस मीटर जळतो. मग आम्हालाच विचारणार, लोड किती घेतलात?

त्यात वायर पाईपात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतलेली नाही. झोळ असता तर पावसाचं पाणी तिथेच ठिबकून गेलं असतं. इथे पाणी वायरवरून घरंगळत सरळ डब्यात, वरून पागोळ्या आहेतच. आई सहज म्हणाली, "हल्ली त्या भिंतीला ओला हात लागला की झिणझिण्या येतात." मी गार झालो. मला वाटायचं घरात ईएलसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाईट तोडणारा स्विच, बसवलाय म्हणजे आपण सेफ. वायरमनने समजावलं की ईएलसीबी मीटरच्या नंतर असतो, त्याच्या अलीकडे मीटरच्या डब्यात किंवा सर्व्हिस वायरमध्ये लिकेज झालं तर त्याला पत्ताच लागत नाही, आणि पोलवरचा फ्यूज एवढ्याशा लिकेजने उडत नाही. म्हणजे जो भाग सगळ्यात धोक्याचा तिथे ग्राहकाला ना हात लावता येतो ना संरक्षण मिळतं.

सेक्शन ऑफिसला गेलो तर साहेब म्हणाले अर्ज द्या, डबा विकत आणून ठेवा, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडा, मग माणूस पाठवू. मी विचारलं हे कुठे लिहिलंय? "असंच असतं" हे उत्तर.

म्हणून रात्री मोबाईलवर नियम काढून वाचत बसलो. आमच्या विरुद्ध जातं ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच उचललं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मीटरबद्दलचे 2006 चे रेग्युलेशन म्हणतात की मीटर ग्राहकाच्या जागेत असेल तर तो सांभाळायची जबाबदारी ग्राहकाची, जागेच्या बाहेर असेल तर कंपनीची. आमचा मीटर पूर्वी माजघरात होता, रिडिंग घ्यायला सोयीचं म्हणून त्यांनीच तो पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर आणला. मला वाटलं चला, बाहेर आला! पण कायद्यात जागा म्हणजे जमीनसुद्धा धरलीय, त्यामुळे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतलं सगळं आमचंच. ठीक आहे, मान्य. पण सांभाळणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेल्या माणसाकडून वादळात पडलेल्या कलमाचे पैसे कोणी वसूल करतं का? आईने मीटर फोडला असता, विकला असता तर गोष्ट वेगळी.

आणि दुसरा नियम कोणी सांगतच नाही. 1956 च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये 30 नंबरला होता, 2010 च्या सुरक्षेच्या रेग्युलेशनमध्ये आला आणि 2023 च्या नव्यातही आहे. त्याचा अर्थ असा की ग्राहकाच्या जागेत असलेल्या ज्या वायर, फिटिंग आणि उपकरणं पुरवठादाराच्या मालकीची किंवा ताब्यातली आहेत ती सुरक्षित ठेवणं पुरवठादाराचं काम. मालकीची "किंवा ताब्यातली", हा शब्द बघा. डब्याची पावती कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नाही, आत सील कोणाचं आहे ते बघा. ज्याच्या परवानगीशिवाय आतला स्क्रू फिरवता येत नाही, ताबा त्याचाच. कंपनीच्या कटआउटमधून, म्हणजे त्यांच्या फ्यूजमधून, वायर बाहेर पडली की पुढचं मेन स्विच, बोर्ड, अर्थिंग सगळं आमचं, त्यात आम्ही कधी वाद घातला नाही.

पैशाचं म्हणाल तर डबा मी आणलासुद्धा, चांगला प्लॅस्टिकचा, पारदर्शक झाकणाचा, खोक्यासकट पडवीत पडून आहे. तक्रार डब्याच्या किमतीची नाहीच. तरी बिल हातात घेतलं की वाटतं, यात स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आहे, त्यावर 16 टक्के वीज शुल्क आहे, ह्यातल्या कुठल्याच आकारात चार स्क्रू आणि अर्ध्या तासाचं काम बसत नाही का?

माझी मागणी छोटी आहे. बिलाच्या मागे एवढा मजकूर छापता, तिथे एक साधं चित्र छापा, पोलपासून घरातल्या बोर्डापर्यंत, आणि कुठून कुठपर्यंत कोणाचं ते रेघ मारून दाखवा. आणि तुटका डबा, तापलेलं टर्मिनल, भिंतीला शॉक ह्या तक्रारी लाईट चालू आहे म्हणून बंद करू नका. आता स्मार्ट मीटर बसवायचं चाललंय, तोही ह्याच चाळणी झालेल्या डब्यात बसवणार असाल तर त्या स्मार्टपणाचा काय उपयोग!

वाचकांपैकी कोणाचं असंच अडलं असेल तर फोनवर विसंबू नका. लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. दाद नाही मिळाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. मी शिक्का घेतलाय, आता वाट बघतोय. तोवर जुन्या डब्यावर खताची रिकामी गोण कापून आडोसा केलाय आणि आईने भिंतीच्या त्या बाजूला खडूने मोठी फुली मारून ठेवलीय, शेजारची पोरं पडवीत खेळायला येतात म्हणून.

आपला,
एक वीजग्राहक

ता.क. पत्र पाठवता पाठवता आईचा फोन आला. ऑफिसमधून माणूस आला होता, डब्याचा फोटो काढून गेला. फुली कशाची म्हणून विचारत होता.